चुकून लागला, तरी फाउल?

आमच्या ग्रुपमध्ये गेले काही महिने एक वाद चालू आहे आणि तो काही केल्या मिटत नाहीये. विषय ऐकायला अगदी फालतू आहे. पूल खेळताना तुम्ही शॉट मारायला वाकलात आणि शर्टाची बाही, कोपर किंवा क्यूचा दांडा टेबलवरच्या भलत्याच बॉलला लागला. बॉल जरासा हलला. तुम्ही मुद्दाम केलं नाही, तुम्हाला त्याचा फायदाही काही झाला नाही. आता हा फाउल धरायचा, की "सॉरी सॉरी" म्हणून बॉल परत जागेवर ठेवायचा आणि खेळ पुढे चालू करायचा?

अर्धे लोक म्हणतात, "अरे चुकून लागलं ना, सोड की!" उरलेले म्हणतात, "नियम म्हणजे नियम." मी दुसऱ्या पार्टीत आहे. पण 'नियम म्हणजे नियम' हे काही माझं कारण नाही. माझं कारण जरा लांबचं आहे, आणि शनिवारी रात्री टेबलाभोवती ओरडून ते सांगता येत नाही, म्हणून इथे निवांत लिहितोय. पूल न खेळणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण पुढे ऑफिस येणार आहे :)

आधी थोडी माहिती. पूलमध्ये एक पांढरा बॉल असतो, त्याला क्यू बॉल म्हणतात. तेवढ्यालाच क्यूने मारायचं, आणि त्याने बाकीच्या बॉल्सना पॉकेटमध्ये घालायचं. फाउल झाला की बहुतेक ठिकाणी समोरच्याला 'बॉल इन हँड' मिळतो, म्हणजे पांढरा बॉल उचलून टेबलवर पाहिजे तिथे ठेवून खेळायचं. ही शिक्षा किती मोठी आहे ते न खेळणाऱ्याला चटकन कळणार नाही. बरं खेळणारा माणूस असेल आणि टेबलवर तीन-चारच बॉल उरले असतील, तर बॉल इन हँड मिळणं म्हणजे ती रॅक जवळजवळ त्याच्या खिशात गेली असं समजा.

आता नियम काय म्हणतो? गंमत अशी आहे की दोन्ही पार्ट्यांच्या बाजूने नियम आहेत. वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशनचे जे नियम २००८ पासून लागू झाले, त्यात अगदी स्पष्ट लिहिलं होतं की कुठल्याही बॉलला स्पर्श करणं, तो हलवणं किंवा त्याचा मार्ग बदलणं हा फाउल आहे. खेळाडूचे कपडे, केस, खडू, शरीराचा कुठलाही भाग, ह्या सगळ्याची जबाबदारी त्याचीच. चुकून झालं तर साधा फाउल, मुद्दाम केलं तर तो अखिलाडूपणा, त्याची शिक्षा आणखी मोठी होऊ शकते. इथवर ठीक.

पण त्याच नियमांसोबत स्पर्धा भरवणाऱ्यांसाठी एक सवलतही होती. सामन्याला रेफरी नसेल तर 'फक्त क्यू बॉलचे फाउल' ह्या पद्धतीने खेळता येईल. म्हणजे पांढऱ्याला हात लागला तर फाउल. दुसऱ्या कुठल्या बॉलला लागला तर फाउल नाही, फक्त त्यामुळे शॉटचा निकाल बदलता कामा नये. हललेला बॉल दुसऱ्या बॉलला लागला, किंवा तो मुळात जिथे होता त्या जागेवरून एखादा बॉल गेला, तर मग फाउल. नाहीतर तो आहे तिथे ठेवायचा की मागे न्यायचा, हे समोरच्याने ठरवायचं. अमेरिकेतल्या हौशी खेळाडूंच्या एपीए लीगमध्येही साधारण असंच आहे. चुकून हललेला बॉल प्रतिस्पर्धी परत जागेवर ठेवतो आणि खेळ पुढे जातो.

थोडक्यात काय, तर टीव्हीवर दिसणारा खेळ एका नियमाने आणि तुमच्या-माझ्यासारख्यांचा खेळ दुसऱ्याच नियमाने. ह्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. रेफरी नाही, तर कोण बघणार बाही लागली की नाही? उगाच भांडणं होतील. त्यापेक्षा सूट देऊन टाका.

मला वाटतं, गोची नेमकी इथेच आहे. जिथे रेफरी नाही तिथेच कडक नियमाची जास्त गरज असते.

पण त्याआधी 'चुकून' ह्या शब्दाकडे जरा बघू. कबड्डीत चढाई करताना पाय मैदानाच्या बाहेर पडला तर कोणी विचारत नाही की तू मुद्दाम टाकलास का. बॅडमिंटनमध्ये रॅली चालू असताना रॅकेट नेटला लागली की पॉइंट गेला. क्रिकेटमध्ये पुल मारताना पाय स्टंपला लागून बेल पडली तर बॅट्समन हिट विकेट होतो, आणि मुद्दाम हिट विकेट होणारा माणूस अजून जन्माला यायचाय. सगळे खेळ असंच करतात, कारण माणसाच्या डोक्यात शिरून हेतू बघता येत नाही. झालं काय तेवढंच बघता येतं. हेतूचा उपयोग शिक्षा वाढवायला होतो, फाउल पुसायला नाही.

ह्यावर आमच्या ग्रुपमधल्या एकाने (हा बुद्धिबळवाला आहे) मला बरोबर पकडलं. तो म्हणाला, बुद्धिबळात तसं नाहीये. हात लावलेली सोंगटी खेळावीच लागते हे सगळ्यांना माहीत आहे, पण फिडेच्या नियमात उघडउघड चुकून लागलेल्या हाताला सूट आहे. कोपराने सोंगट्या पाडल्यास तर स्वतःच्या वेळात परत लावायच्या, संपलं. दुसऱ्याने गोल्फ काढला. २०१६ च्या यूएस ओपनमध्ये शेवटच्या दिवशी पाचव्या होलच्या ग्रीनवर डस्टिन जॉन्सनचा बॉल किंचित हलला. तिथल्या रेफरीने काही नाही म्हणून सोडून दिलं. मग काही होल्स झाल्यावर त्याला सांगितलं की कदाचित पेनल्टी बसेल, राउंड संपल्यावर बघू. म्हणजे तो आणि बाकी सगळे खेळाडू नक्की किती स्कोअरवर आहोत हे न कळता पुढचे होल्स खेळले. शेवटी एक स्ट्रोक पेनल्टी लागलीच, तरी तो तीन स्ट्रोक्सनी जिंकला. पण त्यावरून एवढा गदारोळ झाला की २०१७ पासून ग्रीनवर चुकून हललेल्या बॉलला सूट द्यायची सोय आली, आणि २०१९ च्या नियमांत ती कायमची बसली. आता बॉल परत जागेवर ठेवायचा, पेनल्टी नाही.

मुद्दे चांगले आहेत, मान्य. मग पूलमध्ये का नको?

इथे माझ्यातला इंजिनियर जागा होतो. बुद्धिबळाच्या पटावर ६४ घरं आहेत. सोंगटी घराच्या मध्ये आहे की कोपऱ्यात, ह्याने काही फरक पडत नाही. म्हणजे पटाची स्थिती जशीच्या तशी परत आणता येते. आमच्या भाषेत सांगायचं तर रोलबॅक शंभर टक्के होतो. गोल्फच्या ग्रीनवर एकच बॉल परत ठेवायचा असतो, आणि तो बोटभर इकडेतिकडे झाला तरी कोणाचा रस्ता कायमचा अडत नाही.

पूलमध्ये तसं नाही. तिथे मिलिमीटर मोजावे लागतात. एक साधं गणित करू. पूलचा बॉल ५७.१५ मिलिमीटर व्यासाचा असतो. दोन बॉल एकमेकांना चिकटून पॉकेटच्या दिशेने उभे आहेत असं धरा. मागच्याला मारलं की पुढचा बॉल दोघांच्या केंद्रांना जोडणाऱ्या रेषेत निघतो. आता मागचा बॉल बाहीने हलला आणि परत ठेवताना तो फक्त १ मिलिमीटर बाजूला ठेवला गेला. ती रेषा साधारण १ अंशाने फिरली. १ अंश म्हणजे एक मीटर अंतरावर जवळपास पावणेदोन सेंटिमीटर, दोन मीटरवर साडेतीन. कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड जेमतेम दोन बॉलांएवढं रुंद असतं. म्हणजे नुसता डोळ्यांनी अंदाज करून 'इथेच होता' म्हणत ठेवलेल्या बॉलमुळे, आत जाणारा शॉट बाहेर आणि बाहेरचा आत होऊ शकतो. आणि १ मिलिमीटर ही मी फारच चांगली नजर धरली आहे. रात्री अकरा वाजता, दोन तास खेळून झाल्यावर तुमची-माझी नजर एवढी चांगली नसते.

म्हणजे 'परत जागेवर ठेव' हे म्हणायला सोपं, करायला अशक्य. बॉल परत ठेवला जातो तेव्हा तो जुन्या जागेवर जात नाही, दोघांचं एकमत होईल अशा जागेवर जातो. आता एकमत कसं होतं ते सांगतो.

मागच्या वर्षी एका ऑफिसच्या पूल स्पर्धेत मी एक मॅच बघत उभा होतो. कंपनीचं नाव जाऊ दे. हिंजवडीतल्या कुठल्याही ऑफिसात घडू शकेल अशीच गोष्ट आहे. एका बाजूला जेमतेम सहा महिने झालेला फ्रेशर, दुसऱ्या बाजूला डिलिव्हरी मॅनेजर. माणूस अगदी चांगला, हसतमुख, टीमला स्वतःच्या पैशाने वडापाव खिलवणारा. आपल्याकडे सगळ्यांना नावाने हाक मारायची पद्धत आहे, पण फ्रेशर पहिलं वर्षभर 'सर'च म्हणतो, हे तुम्हाला माहीत आहेच. लांबचा शॉट मारायला सर टेबलवर आडवे झाले आणि त्यांच्या गळ्यातलं आयडी कार्ड लोंबकळत एका बॉलला लागलं. बॉल बोटभर सरकला. शॉट बसला नाही.

सर म्हणाले, "अरे, त्याने काही फरक नाही पडला ना? ठेव तो परत, होता तिथे."

"हो सर, काही नाही," म्हणत त्याने बॉल ठेवला. आधी तो त्याच्या रस्त्यात थोडासा अडचणीचा होता. ठेवल्यावर आणखी थोडा जास्त अडचणीचा झाला. त्याने मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. पण साहेबांचा बॉल साहेबांच्या डोळ्यांदेखत ठेवताना हात आपोआप कुठे झुकतो ते आपल्याला कळतं.

पुढच्याच रॅकमध्ये त्या पोराच्या बाहीने एक बॉल हलला. ह्यावेळी पांढरा बॉल नेमका त्या जागेवरून गेला. सर म्हणाले, "हा मात्र फाउल हं." पोराने मान डोलावली, सरांनी पांढरा उचलून पाहिजे तिथे ठेवला आणि रॅक संपवली.

आता ह्यात नियम कोणी मोडला? कोणीच नाही! स्पर्धा 'फक्त क्यू बॉलचे फाउल' ह्याच पद्धतीने चालू होती. दोन्ही निर्णय त्या नियमात बसतात. पण पहिल्या वेळी 'निकाल बदलला का' हा प्रश्न सरांनी विचारला आणि उत्तरही त्यांच्याच प्रश्नात होतं. दुसऱ्या वेळी निर्णयच सरांनी सांगितला. तो फ्रेशर दोन्ही वेळा फक्त 'हो' म्हणाला. मला ते हरणं-जिंकणं एवढं लागलं नाही. लागलं ते हे, की पहिल्या वेळी तोंड उघडायची सोयच त्याला नव्हती. "सर, फरक पडला" असं म्हणणं म्हणजे फाउल मागणं नाही, ते सरांच्या म्हणण्याला खोटं पाडणं झालं. सहा महिन्यांच्या नोकरीत ते कोण करेल? मी तरी केलं नसतं.

म्हणून मी कडक नियमाच्या बाजूने आहे. नियमात 'फरक पडला असेल तर', 'दोघांना मान्य असेल तर' असे शब्द आले की ते ठरवायला कोणीतरी लागतं. रेफरी असेल तर तो ठरवतो. नसेल तर दोघांमधला वरचढ ठरवतो. वरचढ म्हणजे बॉस, किंवा वयाने मोठा, किंवा ज्याच्या सोसायटीत टेबल आहे तो, किंवा नुसता मोठ्या आवाजाचा. 'लागला की फाउल' एवढाच नियम असेल तर ठरवण्यासारखं काही उरतच नाही. लागलं का? लागलं. संपलं. फ्रेशरलाही ते सांगावं लागत नाही, टेबलाभोवतीचा कोणीही सांगू शकतो.

आमच्या धंद्यात ह्याचं रोजचं उदाहरण आहे. ज्युनियरने सीनियरला "तुमच्या कोडमध्ये चूक आहे" म्हटलं तर चेहरे बदलतात. तेच बिल्ड सर्व्हरने बिल्ड फेल केली तर कोणी सर्व्हरवर चिडत नाही, गुपचूप दुरुस्त करतो. कारण सर्व्हर सगळ्यांना सारखाच नाही म्हणतो, आणि 'तसा काही फार फरक पडत नाही' हे त्याला ऐकू येत नाही.

जुन्या काळी क्लबांमध्ये हे काम करायला माणूस होता. हा क्यूचा खेळ आपल्याकडे जिमखान्यांतून आणि लष्करी मेसमधून रुजला. स्नूकर तर इथेच जन्मलं, १८७५ मध्ये जबलपूरच्या ऑफिसर्स मेसमध्ये, आणि नियम उटीच्या क्लबात पक्के झाले. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले, तोही ह्याच क्लबांच्या जगातला खेळ. अशा क्लबात टेबलाशेजारी मार्कर असायचा, गुण मोजणारा आणि बॉल जागेवर लावणारा. खेळाडू कितीही मोठा साहेब असो, बघणारा तिसरा डोळा हजर असायचा. आपण टेबल तेवढं ऑफिसच्या कॅफेटेरियात आणलं, मार्कर आणला नाही.

आता पहिल्या पार्टीचा सर्वात भक्कम मुद्दा. ते म्हणतात, बाही लागली म्हणून आख्खी रॅक घालवायची? हे अति होतंय. बरोबर आहे! मला अगदी मान्य आहे. पण मग शिक्षा कमी करा ना, गुन्हाच नाही असं का म्हणायचं? स्नूकरमध्ये कुठल्याही बॉलला बाही लागली तरी फाउलच असतो, पण त्याचे समोरच्याला किमान ४ आणि जास्तीत जास्त ७ गुण मिळतात. टोचतं, पण फ्रेम जात नाही. म्हणूनच स्नूकरमध्ये स्वतःचा फाउल स्वतः सांगायची रीत टिकली असं मला वाटतं. पूलमध्ये एका बाहीची किंमत रॅकएवढी ठेवली, त्यामुळे लोकांना दोनच रस्ते उरले. एक तर लपवायचं, नाहीतर नियमच सैल करायचा. शिक्षा जितकी बेसुमार, तितकं खरं बोलणं महाग.

तर माझा प्रस्ताव असा आहे. घरच्या, ऑफिसच्या, मित्रांच्या खेळासाठी. चारच ओळी आहेत, एका कागदावर छापून टेबलाशेजारी लावता येतील.

१. बॉलला बॉल लागून हलला तर ठीक. बाही, केस, खडू, आयडी कार्ड, क्यूचा दांडा, कशानेही हलला तर फाउल. चुकून की मुद्दाम, विचारायचं नाही.

२. पाळी संपली. त्या शॉटवर बॉल पॉकेटमध्ये गेला असला तरी संपली.

३. हललेला बॉल आहे तिथे ठेवायचा की मागे न्यायचा, हे समोरचा ठरवेल आणि मागे न्यायचा तर तोच ठेवेल. ज्याच्यामुळे हलला त्याने त्यावर बोलायचं नाही.

४. बॉल इन हँड नाही. पांढरा आहे तिथूनच समोरचा खेळेल, किंवा "तूच खेळ परत" म्हणेल.

पांढऱ्या बॉलला हात लागला तर मात्र जुनाच नियम, बॉल इन हँड. तो बॉल हाच आपलं हत्यार आहे, त्याला जपणं एवढं तरी जमायलाच हवं.

चौथी ओळ कशाला, असं काही जण विचारतील. ती नसेल तर लगेच पळवाट निघते. मी वाईट जागी अडकलोय, सरळ शॉट दिसत नाही. मग हळूच एका बॉलला बाही लावायची, "अरेरे, फाउल!" म्हणायचं आणि तीच अडचण समोरच्याच्या गळ्यात मारायची. 'तूच खेळ' ही सोय असली की हे जमत नाही. ही कल्पना माझी नाही, स्नूकरमध्ये फाउलनंतर समोरच्याला परत खेळायला लावायचा हक्क असतोच.

आम्ही गेले काही शनिवार असं खेळून बघतोय. आकडेवारी वगैरे ठेवलेली नाही. पण एक फरक दिसतो. "लागला रे" असं खेळणारा स्वतःच म्हणतो आणि बाजूला होतो. पूर्वी ह्या दोन शब्दांनंतर दहा मिनिटं वाद व्हायचा, आता पुढचा माणूस खडू लावून पुढे येतो. बुद्धिबळवाला अजूनही म्हणतो की मित्रामित्रांत एवढं कशाला. त्याला माझं एवढंच म्हणणं आहे की बरोबरीच्या मित्रांत काहीही चालतं, सैल नियमही चालतो. पण टेबलावर नेहमी बरोबरीचेच दोघं नसतात. जो 'हो सर' म्हणतो त्याचा विचार करून नियम लिहायचा असतो, कारण दुसऱ्याचं काम नियमाशिवायही भागतं.

आणि हो, ऑफिसात स्पर्धा भरवणार असाल तर पाचवी ओळ माझ्याकडून फुकट. खेळायला येताना आयडी कार्ड काढून खिशात ठेवा. मॅनेजरनेसुद्धा.